टिप्या सावलीत बसला, तेव्हा

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी मोहोर कितपत आलाय ते बघत बागेत फिरत होतो, तेव्हा तू वरच्या घाटीनं खाली येताना दिसलीस. कमरेच्या पट्ट्याला दोन्ही कुत्रे. शेरू पुढे ओढत होता, ब्रूनो जीभ काढून मागे फरफटत होता, आणि मधे तू, पाखाडीच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होतीस. हाक ओठावर आली होती. पण तू मान वळवली असतीस आणि पाय चुकला असता, म्हणून गडग्याआड गप्प उभा राहिलो. संध्याकाळी तुझे आजोबा म्हणाले, पोरीला सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी माळावरच्या, वाटा हव्या आहेत, तुम्ही एवढी वर्षं धावताय तर सांगा. वाटा सांगतोच. पण त्याआधी जे सांगायचंय ते बोलण्याच्या भरात राहून जाईल, म्हणून लिहायला बसलोय.

आपण धावतो ते आपल्या हौसेनं. दम लागला की थांबतो, पाणी पितो, वाटलं तर अर्ध्यावरून परत फिरतो. कुत्र्याला एवढंच कळतं की तू पुढे चाललीस आणि त्याला तुझ्यासोबत यायचंय. नको झालं की तोही सांगतो, पण एकदा-दोनदाच. मग सांगायचं सोडून देतो आणि धावत राहतो. मला हे फार उशिरा कळलं.

माझा टिप्या गावठीच. १८ किलोचा, तांबूस, एका कानाला चीर गेलेली. शिमगा होऊन आठवडा झाला होता. आम्ही सकाळी आठला निघालो, कशेळीच्या बाजूनं सड्यावरून मोठा फेरा मारून परत यायचं, १४ किलोमीटर. थंडीत हा फेरा आमच्या पायाखालचा होता. सव्वानऊच्या सुमाराला टिप्या वाट सोडून करवंदीच्या जाळीखाली शिरला आणि पोट जमिनीला लावून बसला. मला वाटलं, सशाचा वास लागला असेल. हाक मारली, तसा आला. शंभर पावलांवर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बसला तेव्हा मी रागावून पट्टा ओढला. तेव्हा खाली वाकून त्याचं तोंड तरी बघायला हवं होतं. एरवी लवलवणारी जीभ टोकाला पळीसारखी रुंद झाली होती, तिच्या कडा वर वळल्या होत्या, लाळ दोरीसारखी चिकट लोंबत होती आणि हिरड्या लालभडक. मी ओढलं म्हणून तो उठला. वीसेक पावलं धावला. मग मागचे पाय एकमेकांत अडकले आणि तो आडवा झाला.

बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं, बाकी सगळं मी प्यायलो होतो. त्याला खांद्यावर टाकून खालच्या हापूसच्या बागेपर्यंत पळालो. बागेतल्या नेपाळी राखणदारानं एक शब्द न विचारता पंप सुरू केला आणि पाइप त्याच्या पोटावर, जांघेत, काखेत धरला. मी ओलं गोणपाट त्याच्याभोवती गुंडाळायला गेलो, तर त्यानं ते बाजूला फेकलं आणि पुठ्ठ्यानं वारा घालायला लागला. त्याचंच बरोबर होतं. ओलं फडकं अंगावर राहिलं की उष्णता आतच कोंडते; पाणी वाहतं हवं आणि वर वारा हवा. अर्ध्या तासानं टिप्यानं डोळे उघडले. तिथूनच एक टेम्पो मिळाला, तासाभरानं गुरांच्या डॉक्टरांकडे पोचलो. आधी गार करून आणलंत म्हणून हाती लागला, असं ते म्हणाले. जगला, पण मूत्रपिंडं दुखावली ती दुखावलीच. त्यानंतर दोन वर्षं माझ्यासोबत ओढ्यावरच्या साकवापर्यंत यायचा आणि तिथून आपला आपण परत फिरायचा.

हे का होतं ते समजून घे, म्हणजे लक्षात राहील. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. त्याचा सगळा भरवसा धापा टाकण्यावर: जिभेवरचं, तोंडातलं पाणी वाफ होऊन उडालं की तो गार होतो. आपल्या किनाऱ्यावर हवाच ओली असते. त्या हवेत वाळत घातलेले कपडे जसे दिवसभर दमट राहतात, तसं त्याच्या जिभेवरचं पाणी उडत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्याहून मुळातच जास्त. ते ४१ च्या वर गेलं की आतले अवयव शिजायला लागतात. त्यातून उठून बसला, शेपटी हलवली, तरी डॉक्टरांकडे न्यायचाच, कारण मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा त्रास नंतरच्या दोन-तीन दिवसांत वर येतो.

आणि खालून जांभा. काळा पडलेला कातळ उन्हात तव्यासारखा तापतो. तुझ्या पायात बूट आहेत, त्यांच्या नाहीत. हाताची मागची बाजू कातळावर सात सेकंद टेकवून बघ. ठेववत नसेल तर परत फिर. ब्रूनोचा विचार तर आणखी वेगळा करायला हवा. लॅब्राडोरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, शिवाय तो पुण्याच्या कोरड्या हवेतून आलाय, त्याला या दमटपणाची सवय व्हायला काही आठवडे जातील. माझं मत विचारशील तर या हंगामात त्याला सड्यावर पळवू नकोस. सकाळी पाणंदीनं चालव, सावली-सावलीनं. शिमग्यानंतर तर कुठलाच कुत्रा सड्यावर नको, उजाडल्यानंतरचा पहिला थोडा वेळ सोडला तर.

शेरूची अडचण उलटी आहे. त्याच्यात दम भरपूर, पण तो अजून वर्षाचाही नाही. हाडांच्या टोकांना वाढीच्या जागा असतात, त्या त्याच्या अंगलटीच्या कुत्र्यात साधारण वर्षभरानं भरतात, मोठ्या जातींत दीड वर्ष लागतं. तोवर लांब पल्ला आणि पायऱ्यांवरच्या उड्या दोन्ही टाळायच्या. त्याला खेळू दे, मधे-मधे दोनेक मिनिटं धावू दे. पल्ला पुढच्या दिवाळीनंतर.

आता उताराचं. कमरेचा पट्टा, मधे ताणणारी दोरी आणि कुत्र्याच्या छातीला हार्नेस, ही पद्धत चांगलीच आहे. कॅनिक्रॉस म्हणतात तिला. चढाला कुत्र्याची ओढ मिळते आणि तुझे हात मोकळे राहतात. गळ्यातल्या पट्ट्याला मात्र दोरी लावू नकोस, धाप लागलेल्या कुत्र्याचा श्वास त्यानं आवळतो. पण पाखाडी म्हणजे काही सपाट रस्ता नव्हे. चिऱ्यांच्या पायऱ्या उंचीनं सारख्या नसतात, पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं आणि दिवाळीनंतरही सावलीतल्या पायऱ्यांवर ते राहतं. अशा ठिकाणी पुढून कुत्र्यानं झटका दिला की तू तोंडावर जाणार. म्हणून त्याला 'मागे' हा एक शब्द शिकव. सपाटीवर, अंगणात, खाऊ देऊन, रोज दहा मिनिटं. 'मागे' म्हटलं की तुझ्या टाचेशी. ते पक्कं होईपर्यंत उताराच्या तोंडाशी थांबायचं, दोरी कमरेतून सोडून हातात घ्यायची आणि चालत उतरायचं. हातात म्हणजे मुठीत. मनगटाला वेढे द्यायचे नाहीत. माझ्या डाव्या मनगटाचं हाड वेढ्यामुळेच मोडलं, समोरून माकड गेलं एवढंच निमित्त. आणि दोन कुत्रे एका कमरेला उताराच्या वाटेवर कधीच नाहीत. दोघांचा वेग वेगळा, वय वेगळं. एका दिवशी एकच.

वेळेचं मात्र अवघड आहे, कारण इथे दोन भीती एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. ऊन टाळायचं तर अंधारात निघावंसं वाटतं, आणि अंधार बिबट्याचा. आपल्याकडे वाड्यांतून कुत्रे उचलले जातात ते बहुतेक रात्री किंवा पहाटे, हे आजोबांना विचार, प्रत्येक वाडीत एखादी तरी आठवण निघेल. फुरसं, तो विषारी साप, तेही रात्रीचंच. दिवसा ते दगडाखाली, पालापाचोळ्यात असतं. खवल्यावर खवला घासून करवतीसारखा आवाज करतं, पण तो आवाज कुत्र्याला भिववत नाही, उलट नाक खुपसायला बोलावतो. म्हणून नीट दिसायला लागल्याशिवाय निघायचं नाही. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, पावणेसातला पायाखालचं स्पष्ट दिसतं. तेव्हा निघ आणि साडेआठपर्यंत घरात हो. साप चावलाच तर जखम कापायची नाही, आवळून बांधायची नाही; कुत्र्याला चालवू नकोस, उचल आणि डॉक्टर गाठ. माणसांना देतात तीच प्रतिविषाची लस कुत्र्यांनाही देतात, ती कुठे मिळते ते आजच फोन करून विचारून ठेव.

वाटेत कुत्र्याची दोरी कुठेही सोडायची नाही. बिबट्या आणि फुरसं ही कारणं झालीच, पण आणखी एक आहे, आणि ते मला बिबट्याहून जास्त सतावतं. रानडुकरांसाठी लोक कुंपणाच्या फटीत, ओहोळाच्या काठाला फासक्या लावतात. गाडीच्या क्लचची तार असते, गवतात दिसत नाही. बेकायदा आहे, तरी लावतात. त्यात बिबटेही अडकून मरतात. मोकळा कुत्रा डुकराच्या वासानं त्याच फटीतून शिरतो. अडकला तर त्याला ओढू देऊ नकोस, जितका ओढेल तितकी तार आवळते; त्याच्याकडे जाऊन अंगाशी धर, तार सैल पडेल, मग फास मागे सरकव. छोटी पक्कड पाठीवरच्या पिशवीत असू दे. मी ती अजून वापरलेली नाही, पण तिच्याशिवाय निघतही नाही.

पाणी तुझं वेगळं, त्याचं वेगळं. भांडं म्हणून नारळाची करवंटी घे, फुटली तर दुसरी मिळते. दर पंधरा मिनिटांनी थोडं-थोडं. सध्या मोहोरावर फवारण्या चालल्या आहेत, तेव्हा बागेतल्या पिंपातलं, डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही, फवारा चालू असेल तर वाटच बदलायची. मे महिन्यात झाडाखालच्या कोयी गिळू देऊ नकोस, आतड्यात अडकतात. पुळणीवर गेलात तर खारं पाणी नको, आणि जाळ्यातून फेकलेला केंड मासा तर तोंडात धरूही देऊ नकोस, त्याचं विष वाळल्यावरही जात नाही. धावण्याआधी दोन-तीन तास पोटभर खायला घालायचं नाही.

घरी आल्यावर गोचिड्या बघायच्या: कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली. आणि स्वतःच्याही अंगावर. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला माकडतापाची साथ आली, ती गोचिडीमुळेच पसरते. रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी, आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा ताप) लस घेतल्याशिवाय भाताच्या पाणथळ खाचरातून कुत्रा न्यायचा नाही.

वाटांचं राहिलं. सड्यावर कातळशिल्पं आहेत, कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब. आपल्या भागातल्या या कातळशिल्पांचं नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. त्यांच्यावरून धावायचं नाही, कुत्रा तिथे उकरायला लागला तर उचलून बाजूला घ्यायचा. देवराईत कुत्रा न्यायचा की नाही ते त्या-त्या गावाला विचार, मी नेत नाही. गुरं चरत असतील तर दोरी आखूड कर आणि चालायला लाग. वासरू सोबत असलेली गाय कुत्रा बघून अंगावर येते, आणि कुत्रा तुझ्याजवळ असला की तूही सापडतेस. गुराख्याला आधी हाक दे, त्याला विचारून पुढे जा. मी आजवर ज्या वाटा शिकलो त्या अशाच, नकाशावर त्यांतल्या निम्म्याही नाहीत.

रविवारी पावणेसातला साकवाशी ये. ब्रूनोला आजोबांपाशी ठेव, तो ओरडेल, ओरडू दे. शेरूला आण, करवंटी आण. तीन किलोमीटरच जाऊ, निम्मं चालत. वाटेत मी त्याच्या जिभेकडे बघेन, तूही बघ, आणि मग तुला काय दिसलं ते मला सांग.

तुझा,
खालच्या बागेतला काका