गगनयानच्या निधीसाठी पत्र लिहून काही उपयोग होतो का?

प्रश्न असा आहे: "मी साताऱ्यात बी.एस्सी.ला आहे. गगनयानला, म्हणजे आपल्याच यानातून माणूस अंतराळात नेण्याच्या मोहिमेला, सरकारने जास्त पैसे द्यावेत असं पत्र आमच्या आमदारांना लिहायचं म्हणतोय. अशा पत्राचा उपयोग होतो का? घरचेच म्हणतात, आधी माण तालुक्याला पाणी द्या, मग माणूस वर पाठवा. त्यांना काय सांगू?"

उपयोग होतो. फक्त आमदारांऐवजी खासदारांना लिहा, आणि पैसे मागण्याऐवजी सभागृहात एक प्रश्न विचारायला सांगा.

मी सांगलीत एका लोकप्रतिनिधींच्या संपर्क कार्यालयात सहा वर्षं टपाल बघायचो. पाकिटं फोडायची, आवक रजिस्टरला नोंद करायची, वरच्या कोपऱ्यात क्रमांक टाकायचा आणि गठ्ठे लावायचे. बदली, दवाखान्याला मदत, डीपी (विजेचं रोहित्र) जळालाय, पाणंद रस्ता, शिफारसपत्र. देशाच्या धोरणावर लिहिलेलं पत्र महिन्यातून एखादं यायचं. त्यामुळे एवढ्या गर्दीत माझं कोण वाचणार, ही भीती मनातून काढून टाका. गर्दी असते ती डीपीच्या गठ्ठ्यात.

एक पत्र अजून डोळ्यासमोर आहे. जत तालुक्यातल्या नववीच्या मुलीचं. वहीच्या मधल्या पानांपैकी एक, पिनांची भोकं तशीच, निळ्या शाईत जेमतेम अर्धं पान. तिनं लिहिलं होतं की २७ फेब्रुवारी २०२४ ला गगनयानसाठी चार जणांची नावं जाहीर झाली, चौघेही हवाई दलाचे वैमानिक आणि चौघेही पुरुष. पुढच्या तुकडीत मुलींना घेणार का? त्यासाठी वैमानिकच असावं लागतं की डॉक्टर, इंजिनियर चालेल? खाली सही आणि शाळेचा पत्ता. त्याच आठवड्यात एका मंडळाचं तीन पानी टाइप केलेलं निवेदन आलं होतं, 'देशाची मान उंचावण्यासाठी अंतराळ संशोधनास भरघोस निधी मिळावा.' त्यावर 'संकीर्ण' असा शेरा पडला आणि ते फाइलला लागलं. मुलीचं पत्र मी थेट साहेबांच्या टेबलावर ठेवलं, कारण त्यातला प्रश्न उचलून जसाच्या तसा सभागृहात विचारता येण्यासारखा होता.

आता खासदार का, ते सांगतो. अंतराळ विभाग केंद्राचा आहे, थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीतला. राज्याच्या अर्थसंकल्पात गगनयानचा रुपया नसतो, त्यामुळे आमदारांच्या हातात त्यातलं काहीच नाही. आपला मतदारसंघ मात्र नीट बघून घ्या. सातारा जिल्ह्यात राहता म्हणून खासदार साताऱ्याचेच असतील असं नाही. फलटण, माण हा भाग लोकसभेला माढ्यात येतो, तसंच सांगलीतलं शिराळा हातकणंगल्यात. आमच्याकडे चुकून आलेली अशी पत्रं मी कितीदा तरी पुढं धाडली आहेत, आणि त्यात दोन-तीन आठवडे फुकट जातात.

आणि 'जास्त निधी द्या' का लिहू नये? एक म्हणजे राज्यघटनेप्रमाणे लोकसभा एखाद्या खात्याची अनुदानाची मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते, कमी करू शकते. वाढवू शकत नाही. वाढ सरकारकडूनच यावी लागते. दुसरं म्हणजे गगनयान कागदावर पैशावाचून अडलेलं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने ९,०२३ कोटी मंजूर केले. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग त्यात जोडला आणि एकूण रक्कम २०,१९३ कोटींवर नेली, डिसेंबर २०२८ पर्यंत आठ मोहिमा धरून. याउलट २०२२-२३ बघा. अंतराळ विभागाला अर्थसंकल्पात १३,७०० कोटी होते आणि सुधारित अंदाजात ते साडेदहा हजारांच्या आसपास आले. तेव्हा विचारायचं ते हे, की ठेवलेला पैसा कमी का झाला आणि त्यानं कुठलं काम मागं पडलं.

उशीर तर झालाच आहे. १५ ऑगस्ट २०१८ ला लाल किल्ल्यावरून २०२२ सांगितलं होतं, आता २०२७ म्हणतात. त्या उशिराला मी नावं ठेवणार नाही. उपग्रह नेणारं रॉकेट माणूस नेण्याच्या लायकीचं करायचं तर त्याचा भाग न् भाग पुन्हा तपासावा लागतो. आत हवा, तापमान, दाब सांभाळणारी यंत्रणा आपली आपणच उभी करायची आहे. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याला संकटकाळी माणसांना रॉकेटपासून दूर नेणाऱ्या यंत्रणेची चाचणी होती. आम्ही कार्यालयात टीव्हीपुढं उभे होतो. उलटी मोजणी पाचवर आली आणि संगणकानं सगळं थांबवलं. खोलीत कुणी बोलेना. चूक शोधून त्याच सकाळी दहाला उड्डाण झालं, आणि छत्र्या उघडून ते यान बंगालच्या उपसागरात उतरलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यंत्रानं 'थांबा' म्हटल्यावर थांबणारी माणसं मला हवी आहेत, तारखेसाठी घाई करणारी नकोत. पण का थांबलो, याचं उत्तर संसदेत लेखी यायला हवं. पैसा आपला आहे.

घरच्यांचा प्रश्न मात्र टाळू नका. तो खरा आहे. इथं बरेच जण एक चूक करतात. पावसाचा अंदाज, पुराचे नकाशे, द्राक्षबागेवर येणारा अवकाळी, हे सगळं गगनयानच्या खात्यावर मांडतात. ती कामं उपग्रह करतात, त्यांना वर माणूस लागत नाही. तासगावचा बागायतदार रोज मोबाइलवर ढगांचं चित्र बघतो, त्याला हा फरक सांगावा लागत नाही. खोटं कारण दिलंत की खरं कारणही कुणी ऐकून घेत नाही.

त्यापेक्षा घरच्यांसमोर हिशोब मांडा. २०,१९३ कोटी भागिले १४० कोटी माणसं म्हणजे डोईमागे साधारण १४४ रुपये, तेही दहा वर्षांत मिळून. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्हा २८ लाखांचा होता. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याच्या वाट्याला चाळीसएक कोटी. टेंभू, म्हैसाळ या पाणी उपसा योजना एवढ्यात पुऱ्या झाल्या असत्या का, हे तुमच्या वडीलधाऱ्यांनाच विचारा. म्हैसाळचे पंप वीजबिलाच्या थकबाकीपायी बंद पडलेले आम्ही पाहिलेत. पाणी अडलं ते भूसंपादनात, वीजबिलात आणि राज्याच्या तिजोरीत. त्यासाठी वेगळं पत्र लिहा, आणि ते मात्र आमदारांना लिहा.

मग माणूस कशासाठी पाठवायचा? माझ्यापुरतं उत्तर असं. राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले ते सोव्हिएत यानातून. शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला निघाले ते अमेरिकन यानातून. मध्ये ४१ वर्षं गेली आणि दोन्ही वेळा यान परक्याचं. स्वतःच्या यानातून माणूस कक्षेत नेणारे देश आजवर तीनच आहेत, रशिया, अमेरिका आणि चीन. शुक्लांनी वर मूग आणि मेथीला मोड आणण्याचा प्रयोग केला, तो धारवाडच्या शास्त्रज्ञांचा होता. सांगलीहून धारवाड मुंबईपेक्षा जवळ आहे. उद्या असा प्रयोग आमच्या सांगलीच्या वालचंद कॉलेजच्या किंवा तुमच्या साताऱ्याच्या पोरांनी सुचवला, तर दुसऱ्याच्या यानात जागा मिळेपर्यंत त्यांनी थांबू नये, एवढंच मला वाटतं.

पत्र एका पानाचं ठेवा. पहिल्या ओळीत तुम्ही कोण, कुठल्या गावचे मतदार. मग दोन ओळींत कारण. मग तयार प्रश्न द्या, कारण लोकसभेत प्रश्न सहसा दीडशे शब्दांच्या आत लागतो आणि मसुदा तयार असला की स्वीय सहायकाचं निम्मं काम होतं. असा काहीतरी:

"गगनयान कार्यक्रमासाठी मंजूर रकमेपैकी आजवर वर्षनिहाय किती खर्च झाला; मानवरहित उड्डाणांचे वेळापत्रक लांबण्याची कारणे काय; अंतराळवीरांच्या पुढील तुकडीत महिला व बिगर-लष्करी उमेदवारांची निवड करण्याचा शासनाचा विचार आहे काय; असल्यास, त्याचा तपशील काय?"

तारांकित प्रश्न मिळाला तर मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितचं उत्तर लेखी येतं, पण ते कायमचं नोंदीवर राहतं. प्रश्नाची सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून तुमचं पत्र अधिवेशनाच्या निदान महिनाभर आधी पोचलं पाहिजे. शिवाय विज्ञान-तंत्रज्ञान आणि पर्यावरणाची ३१ खासदारांची संसदीय स्थायी समिती आहे, ती अंतराळ विभागाच्या मागण्या तपासते. आपले खासदार त्यात नसतील तर पत्र समितीकडे पाठवण्याची विनंती शेवटच्या ओळीत करा.

जतच्या मुलीचं पुढं काय झालं, तेही सांगतो. तिच्या प्रश्नाची सूचना दिल्लीला गेली. प्रश्नांचा क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो, त्यात नंबर लागला नाही. पुढच्या अधिवेशनात ती पुन्हा पाठवायला हवी होती. ती आमच्याकडून राहिली, आणि तिनं किंवा शाळेनं फोन करून विचारलं नाही म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला त्याची आजही रुखरुख आहे.

तेव्हा जमलं तर पत्र हातानं नेऊन द्या. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. पंधरा दिवसांनी तो क्रमांक सांगून फोन करा. नंबर लागला नाही असं कळलं तर पुढच्या अधिवेशनाच्या महिनाभर आधी तीच प्रत घेऊन पुन्हा जा.