सांगलीत घरगुती चटणी-मसाल्याच्या धंद्यासाठी सोशल मीडियावाल्याला महिना १५,००० रुपये द्यावेत का?

तुमचा प्रश्न असा: आई सांगलीत घरी कांदा-लसूण चटणी, हळद आणि मेतकूट करून विकते, ओळखीवर बरं चालतं, आता एकजण महिन्याला १५,००० रुपये मागतोय आणि तीन महिन्यांत १०,००० फॉलोअर्सची हमी देतोय, द्यावेत का?

नका देऊ. निदान आत्ता तरी नका.

मी सांगलीतच, विश्रामबागेत हाच धंदा करते. सासूबाईंनी सुरू केला, आता त्या चव बघतात आणि मी फोन बघते. म्हणजे तुमची आई माझी प्रतिस्पर्धीच म्हणायची. पण चटणीशिवाय ज्यांना घास उतरत नाही अशी माणसं आपल्याकडं इतकी आहेत की दोघींचं सहज भागेल, म्हणून सगळं सांगते.

आधी हिशेब करू. चटणीच्या किलोमागं सगळा खर्च जाऊन शंभर-सव्वाशे रुपये सुटतात असं धरा. १५,००० नुसते भरून काढायला महिन्याला १२० ते १५० किलो चटणी जादा खपली पाहिजे. घरच्या गॅसवर, दोन बायकांच्या हातावर तेवढं होतं का, हे आधी आईंना विचारा. नसेल होत, तर गिऱ्हाईक आलं तरी पंचाईत आणि नाही आलं तरी पंचाईत. आणि हमीचे फॉलोअर येतात कुठून? बहुतेक वेळा बनावट खाती असतात. ती ना चटणी खातात ना कुणाला सांगतात. फॉलोअर विकत घेणं इन्स्टाग्रामच्या नियमातही बसत नाही, त्यामुळं कधी सफाई झाली की ती गर्दी जाते आणि पैसेही गेलेले असतात.

आपल्या धंद्यात दुसरी बरणी तोच घेतो ज्यानं पहिली खाल्लेली असते, आणि नवा माणूस त्याच्याच सांगण्यावरून येतो. सोशल मीडियाचं काम एवढंच की ज्याची बरणी संपत आलीय त्याला वेळेवर तुमची आठवण व्हावी, आणि कुणी नाव सुचवलं तर पुढच्याला भाव, पत्ता, फोन लगेच सापडावा. म्हणून इन्स्टाग्राम नंतर. आधी व्हॉट्सॲप.

व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप आहे, फुकट आहे. त्याला वेगळं सिमकार्ड घ्या, आईंच्या घरगुती नंबरावर ते उभं करू नका, नाहीतर नणंदेचा मेसेज आणि ऑर्डर यांची खिचडी होते. त्यात कॅटलॉग भरा: प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन, भाव. पाव किलो, अर्धा, एक किलो वेगवेगळे दाखवा. ‘पुण्याला पाठवता का?’, ‘किती दिवस टिकते?’ हे प्रश्न रोज येतात, त्यांची उत्तरं एकदाच लिहून क्विक रिप्लायमध्ये ठेवली की टाइप करत बसावं लागत नाही. प्रत्येक चॅटला लेबल लावता येतं. मी फक्त ‘ऑर्डर आली’, ‘पैसे बाकी’ आणि ‘पार्सल गेलं’ एवढी तीनच वापरते. ‘पैसे बाकी’वर संध्याकाळी एकदा बोट ठेवलं की उधारीची वही समोर येते.

आता जी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते ती. ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा जातो ती) एका वेळी २५६ जण घालता येतात, पण मेसेज पोचतो फक्त ज्यांच्या फोनात तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच. स्टेटसचंही तसंच, दोघांनी एकमेकांचे नंबर सेव्ह केलेले असतील तरच दिसतं. त्यामुळं नंबर सेव्ह करून घेणं हीच खरी कमाई. आम्ही प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी टाकतो: ‘हा नंबर सेव्ह करा आणि आपलं नाव व्हॉट्सॲपवर पाठवा. मिरची डंकावर जायच्या आधी कळवू.’ (डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र.) ‘आम्हाला फॉलो करा’ असं लिहिलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. नंबर सेव्ह केला तर वर्षाची चटणी चुकणार नाही, यात त्याचाही फायदा आहे, म्हणून तो करतो.

स्टेटस कसं वापरायचं ते एका उदाहरणानं सांगते. ऊन तापायला लागलं की आमच्या गच्चीवर मिरची पडते. त्या दिवशी एकच फोटो टाकते: जुन्या लुगड्यावर पसरलेली ब्याडगी, बाजूला संकेश्वरीचा लहान ढीग, आणि खाली ओळ, ‘शुक्रवारी डंकावर. वर्षाची चटणी हवी असेल तर बुधवारपर्यंत सांगा, तिखट की मध्यम तेही सांगा.’ बास, ना डिझाइन ना फुलांची चौकट. तासाभरात उत्तरं सुरू होतात. ‘काकू, दोन किलो, गेल्या वर्षीसारखीच.’ ‘तीन किलो, पण जरा मवाळ करा, सूनबाई पुण्याची आलीय.’ ‘मिरची कुठली घेतलीय, रंग छान दिसतोय.’ बुधवारी रात्री माझ्याकडं आकडा तयार असतो. किती खोबरं भाजायचं, किती लसूण सोलायचा, कांदा किती तळायचा, सगळं त्या आकड्यावर ठरतं. माल पडून राहत नाही आणि मिरचीला घातलेले पैसेही अडकत नाहीत. छोट्या धंद्याला ही आगाऊ ऑर्डर हजार लाइकपेक्षा मोलाची.

ब्रॉडकास्ट मात्र जपून. नवा माल आला, सणाची ऑर्डर घेतोय, भाव बदलला, एवढंच. रोज ‘शुभ सकाळ’ पाठवलं की लोक गुपचूप म्यूट करतात आणि तुम्हाला कळतही नाही. हजारो अनोळखी नंबरांवर एका झटक्यात मेसेज सोडणारी सॉफ्टवेअर कुणी विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. लोकांनी तक्रार केली की व्हॉट्सॲप नंबरच बंद करतं, आणि त्या नंबराबरोबर सगळी गिऱ्हाइकं जातात.

जाता जाता, २०१९ च्या महापुरात मारुती रोड, हरभट रोड पाण्यात होते तेव्हा कोण सुरू, कोण बंद, काय मिळतंय, हे सगळं गाव स्टेटसवरच बघत होतं. सवय तेव्हापासून लागली ती गेली नाही.

गुगल मॅपवरची नोंद हे एका दुपारचं काम. बिझनेस प्रोफाइल फुकट असतं. घरी गिऱ्हाईक येत नसेल तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात माल देता ते दाखवता येतं. नाव, वेळ, फोन, चार चांगले फोटो टाका. जुन्या गिऱ्हाइकांना रिव्ह्यू लिहा म्हणून सांगायला हरकत नाही, पण रिव्ह्यूच्या बदल्यात चटणीची पुडी देऊ नका, गुगलला ते चालत नाही.

आता इन्स्टाग्राम. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं आणि जुलैत इन्स्टाग्रामनं रील आणले, तेव्हापासून आपल्याकडच्या बऱ्याच पोराबाळांचा डोळा तिथंच असतो. रील अनोळखी माणसांपर्यंत जातं, व्हॉट्सॲप जात नाही, म्हणून ते लागतं. पण त्यासाठी कॅमेरावाला नको. डंकावर जा, उभा फोन धरा आणि लोखंडी मुसळ मिरचीत धाडधाड आपटतंय ते वीस सेकंद घ्या. आवाज तोच ठेवा. बिझनेस खात्याला सिनेमाची बरीचशी गाणी वापरताच येत नाहीत, आणि त्या आवाजानं पुण्या-मुंबईत बसलेल्या सांगलीकराला जे वाटतं ते गाण्यानं वाटणार नाही. खोबरं भाजताना, गरम तेलात लसूण पडताना, हळकुंड फोडल्यावर आतला रंग दिसताना, हे सगळं चालतं. हळदीसाठी हरिपूरच्या पेवांची गोष्ट सांगा. जमिनीखाली खड्ड्यात हळद साठवायची आपली जुनी पद्धत बाहेरच्या लोकांना खोटीच वाटते. आईंना कॅमेऱ्यासमोर बोलायचं नसेल तर बळजबरी नको, नुसते हात दिसले तरी पुरे.

आणि भाव लिहा! ‘किमतीसाठी मेसेज करा’ हा प्रकार मला अजिबात पटत नाही. ज्याला पाव किलो घ्यायचीय तो विचारायला लाजतो आणि पुढं सरकतो. भाव, वजन, कुठं मिळेल आणि व्हॉट्सॲप नंबर, हे प्रत्येक पोस्टखाली हवंच.

काय लिहायचं नाही तेही सांगते, कारण यात लोक फसतात. ‘आमच्या हळदीनं शुगर जाते’, ‘कॅन्सरवर रामबाण’ असलं काही लिहू नका. अशा आजारांवर इलाजाच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. हळद चांगली आहे, भेसळ नाही, कुठल्या शेतातली आहे, इतकं सांगितलं तरी विकते. दुसरं म्हणजे भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या खास मालाला मिळणारी सरकारी ओळख. सांगलीच्या बेदाण्याला ते २०१६ ला आणि हळदीला २०१८ ला मिळालं, पण आपण सांगलीत राहतो म्हणून ते चिन्ह पाकिटावर छापता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ‘सांगलीच्या मार्केट यार्डातून घेतलेली राजापुरी हळद’ असं मात्र, ती खरंच तशी असेल तर, बेलाशक लिहा. खाद्यपदार्थ विकताय म्हटल्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा नोंदणीचा) १४ आकडी नंबर पाकिटावर हवाच. तो प्रोफाइलमध्येही टाका. बाहेरगावचं अनोळखी गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच शोधतं.

इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात करायचीच तर वर्षभर नको, हंगामात करा. चटणीची वेळ उन्हाळ्यात, मेतकुटाची दिवाळीच्या आसपास. जाहिरातीला बटण ‘व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवा’ हेच निवडा. जागा निवडताना अख्खा महाराष्ट्र नको. नकाशावर पिन ठोकून सांगली-मिरज-कुपवाड एवढाच घेर घ्या, आणि दुसरी जाहिरात फक्त पुण्यासाठी करा. रोज २०० रुपये, पाच दिवस, म्हणजे १,०००, वर १८ टक्के जीएसटी, झाले १,१८०. पाच दिवसांनी किती जणांनी विचारलं ते बघू नका, किती जणांनी पैसे भरले ते बघा. माझ्या अनुभवात पुण्याची जाहिरात जास्त चालते, कारण इथल्या माणसाला चटणी काकूकडून, मावशीकडून फुकट मिळते आणि तिथल्याला ती मिळत नाही.

पुण्याचं गिऱ्हाईक धरलं की पोचवण्याचा प्रश्न येतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सला पार्सल टाकलं की सकाळी स्वारगेटला किंवा कात्रजला उतरवून घेता येतं, पण घेणारा पहाटे उठणारा पाहिजे. नाहीतर स्पीड पोस्ट. तेल सुटणाऱ्या चटणीला दुहेरी पाऊच आणि बाहेरून खोका, यात काटकसर करू नका. फुटलेल्या पाकिटाचा फोटो तुमच्या रीलपेक्षा जास्त लोक बघतील. पार्सलचा खर्च मालाच्या भावात न लपवता वेगळा सांगितलेला बरा, माणसं समजून घेतात.

प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमचं नाव कुठून कळलं?’ हा एक प्रश्न विचारायचाच आणि वहीत मांडायचा. शेजारीण, गुगल, रील, जाहिरात. तीनेक महिन्यांनी ती पानं चाळली की पैसा कुठं घालायचा हे कुणाला विचारावं लागत नाही. आमच्याकडं ‘शेजारीण’ अजूनही सगळ्यांच्या पुढं आहे, आणि रीलवरून आलेले बरेचजण पहिल्या बरणीनंतर व्हॉट्सॲपच्या यादीत येतात.

नंबर जगजाहीर झाला की भामटेही येतात. ‘वीस किलो हवीय, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. तुमच्या पोस्टनं कॉपीराइट मोडला, या लिंकवर जाऊन खातं वाचवा, असे मेसेज येतील, त्यांना हात लावू नका. व्हॉट्सॲपची आणि इन्स्टाग्रामची दुहेरी पडताळणी आजच चालू करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

त्या १५,००० वाल्याला मी वाईट म्हणत नाही. सहा महिन्यांनी ऑर्डरी हाताबाहेर गेल्या आणि फोन सांभाळायला माणूस हवाच झाला, तर कुणाला तरी जरूर ठेवा. तेव्हा फॉलोअर किती देणार हे विचारू नका, मागच्या कामातून किती ऑर्डरी आल्या ते दाखव म्हणा. इन्स्टाग्राम खातं, फेसबुक पेज आणि जाहिरातीचं खातं तिन्ही आईंच्या नंबरावर आणि आईंच्या ईमेलवर उघडा. त्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या, पासवर्ड नको. उद्या बिनसलं तर माणूस जाईल, खातं तुमच्याकडं राहील.