चौदावरचं बुटकं शिखर

प्रश्न : अभ्यासाला असलेल्या एका खटल्यात चाकूच्या मुठीवर दोघांचा मिश्र डीएनए मिळाला. अहवालात 'लाइकलिहूड रेशो एक कोटी' असं लिहिलंय. म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता कोटीत एक, असंच ना? – कायद्याची एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही. मुठीवर आरोपी आणि एक अनोळखी माणूस आहे असं धरलं, तर असा आलेख मिळण्याची शक्यता 'दोघंही अनोळखी' धरल्यापेक्षा कोटीपट आहे, एवढंच तो आकडा सांगतो. 'दोघंही अनोळखी' मधल्या एका अनोळखी माणसाऐवजी आरोपीचा सख्खा भाऊ धरून बघा, आकडा धाडकन खाली येईल.

पण आकड्याआधी आलेख बघा, खरी मेख तिथे आहे. एका लोकसवर, म्हणजे डीएनएवरच्या तपासायच्या एका ठरावीक जागी, एका माणसाची साधारणपणे जास्तीत जास्त दोन शिखरं असतात. समजा, 15 आणि 16 वर दोन-दोन हजार उंचीची शिखरं आहेत, 11 वर 180 आणि 14 वर 170 (15, 16 हे आकडे म्हणजे त्या जागी डीएनएचा छोटा तुकडा किती वेळा पुन्हा येतो ते). उंच दोन एकाची, हे उघड. 11 दुसऱ्याचं. 14 कुणाचं? पीसीआरमध्ये, म्हणजे थोड्याशा डीएनएच्या भरपूर प्रती काढण्याच्या प्रक्रियेत, प्रती निघताना खऱ्या शिखराच्या एक घर अलीकडे खोटं पिल्लू उठतं, त्याला आम्ही स्टटर म्हणतो. 15 च्या आठ-नऊ टक्के उंचीचं पिल्लू 14 वर दिसणं नेहमीचंच. म्हणजे दुसरा माणूस 11-14 असेल, 11-11 असेल, नाहीतर 11-15 किंवा 11-16. त्याचं 15 किंवा 16 उंच शिखरात बुडालेलं.

आरोपी 11-14 आहे हे मला आधीच कळलं, तर ते 14 मला खरं वाटायला लागतं. तो 11-15 निघाला, की तेच स्टटर! प्रयोगशाळेत केस पिकले तरी ही खोड जात नाही. 2011 मध्ये ड्रॉर आणि हॅम्पिकियन या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका खटल्याचा मिश्र आलेख, प्रकरणाची माहिती न देता, 17 तज्ज्ञांपुढे ठेवला. मूळ निष्कर्ष होता, 'आरोपीला वगळता येत नाही'. तसं म्हणणारा एकच निघाला. 12 जणांनी त्याला वगळलं, चौघांनी 'सांगता येत नाही' म्हणून हात वर केले.

स्ट्रमिक्स, ट्रूअलील ही मिश्र डीएनएचा हिशोब करणारी सॉफ्टवेअर अशा प्रत्येक जोडीला तिचं वजन देतात, ते बरंच. तरी मिश्रण किती जणांचं, हे बहुतेक वेळा माणूसच ठरवतो.

केसची फाइल मिळाली तर दोन तारखा शेजारी ठेवा : शिखरं नक्की केल्याची आणि आरोपीचा नमुना वाचल्याची. पहिली आधीची हवी.