आधी मावशींना विचार

पोरी,

तुमच्या कोथरूडच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींच्या पिशव्या रोज गेटवर उघडून बघतात आणि त्यांना लिफ्टही वापरू देत नाहीत, हे वाचून माझंही डोकं फिरलं. रात्रीच ग्रुपवर सगळ्यांना सुनवायचं तुझ्या मनात होतं. थांबलीस ते बरं केलंस.

आधी मावशींशी बोल. तुझं फार तर कमिटीशी वाजेल, त्यांची मात्र एका फटक्यात चार घरं सुटतील आणि खोलीचं भाडं थकेल. एवढी जोखीम घ्यायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं. 'आत्ता नको' म्हणाल्या तर त्यांचं नाव कुठेही येता कामा नये. नियमाबद्दल तू तुझ्या घरातर्फे बोलू शकतेसच.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांवरही असाच चोरीचा आळ यायचा. १९९३ साली त्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या संघटनेत एकत्र आल्या, आणि पुढे त्यांच्या ओळखपत्रांना महापालिकेची मान्यता मिळाली. संशयाने बघणाऱ्याला दाखवायला हातात काहीतरी आलं, त्याहून मोठं म्हणजे पाठीशी माणसं आली. 'स्वच्छ' ही सहकारी संस्था याच बायकांची. तुमच्या दारावर सकाळी कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या ताई येत असतील, तर मावशींची त्यांच्याशी गाठ घालून दे. तुझ्या-माझ्या सल्ल्यापेक्षा त्यांचा अनुभव जास्त कामाला येईल.

वॉचमनवर ओरडू नकोस. तोही कंत्राटावरचा माणूस, वरून सांगितलेलं करतो.

कमिटीला लेखी विचार: हा नियम कोणत्या सर्वसाधारण सभेत, कोणत्या ठरावाने झाला? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाला सभेचं इतिवृत्त बघता येतं. बऱ्याचदा ठराव झालेलाच नसतो, कुणीतरी तोंडी सांगितलेलं असतं आणि तेच वर्षानुवर्षं चालतं. अर्जावर सही बाबांची लागेल, कारण सभासद ते आहेत. शेजारच्या दोन-तीन घरांच्या सह्या मिळाल्या तर उत्तमच. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नकोस.

बाबा 'उगाच वाईटपणा कशाला' म्हणतील. वाद घालू नकोस, सकाळी आठला त्यांना गेटपाशी घेऊन जा. डबा, औषधाची पट्टी, घडी घातलेली साडी असं सगळं चारचौघांत बाहेर निघतं, ते त्यांना बघू दे.

मावशी काय म्हणाल्या ते कळव. त्यांची तयारी असेल तर अर्जाचा मसुदा शनिवारपर्यंत पाठव, मी वाचून देतो.

तुझा,
काका