कमरेला पिस्तूल आणि मागे लाल-निळे दिवे

मागच्या अंकात घरात बंदूक कुलपात कशी ठेवायची यावर लिहिलं होतं, पण पत्रं आली ती बरीचशी वेगळ्याच विषयावर. इथे अमेरिकेत बंदूक बाळगायचं लायसन आहे, ती अंगावर किंवा गाडीत आहे, आणि पोलिसाने स्पीडिंगसाठी नाहीतर बंद पडलेल्या टेललाइटसाठी थांबवलं, तर नेमकं करायचं काय? मी वकील नाही, फायरआर्म सेफ्टीचे क्लास घेतो, त्यामुळे केस अंगावर आली असेल तर वकीलच गाठा. बाकीच्यांसाठी त्यातले काही प्रश्न इथे घेतोय. नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न: मी कोलंबस, ओहायोला राहतो. लायसनच्या क्लासमध्ये सांगितलं होतं की ऑफिसर खिडकीशी आला की आधी बंदुकीचं सांगायचं. ऑफिसातला मित्र म्हणतो आता तसं काही नाही, विचारलं तरच सांगायचं. खरं काय?

तुमचा क्लास २०२२ च्या आधी झाला असणार. तेव्हा ओहायोत आपणहून सांगणं सक्तीचं होतं, जून २०२२ मध्ये कायदा बदलला आणि आता ऑफिसरने विचारलं तर खरं सांगायचं एवढंच बंधन आहे. म्हणजे मित्र बरोबर आहे, पण ओहायोपुरता. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की मुलगा अ‍ॅन आर्बरला शिकतो आणि तुम्ही महिन्या-दोन महिन्यांनी गाडीने जाता, तर टोलेडो मागे पडलं आणि मिशिगन लागलं की हिशोबच बदलतो. तिथे ऑफिसरने थांबवल्यावर लगेच आपणहून सांगायचं, विचारायची वाट बघायची नाही, नाही सांगितलं तर ५०० डॉलर दंड आणि लायसन सस्पेंड व्हायची पाळी येऊ शकते. शिवाय ओहायोत २०२२ पासून लायसनशिवायही लपवून बंदूक बाळगता येते म्हणून हल्ली बरेच जण लायसन रिन्यूच करत नाहीत. मिशिगनला मात्र लायसन लागतंच, त्यामुळे तुमचं संपत आलं असेल तर रिन्यू करून टाका, आळस करू नका.

नॉर्थ कॅरोलिना, अलास्का, न्यू जर्सी इथेही आपणहून सांगावं लागतं. टेक्सासमध्ये ऑफिसरने आयडी मागितला आणि बंदूक अंगावर असेल तर ड्रायव्हिंग लायसनबरोबर हँडगन लायसनही द्यायचं. इलिनॉय, मिनेसोटा अशा ठिकाणी विचारल्यावर. सगळी राज्यं इथे मांडत बसत नाही कारण हे दर थोड्या वर्षांनी बदलतं, ज्या राज्यातून जाणार त्या स्टेट पोलिसांच्या वेबसाइटवर निघायच्या आधी बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

माझं मत विचाराल तर कायदा काहीही असो, बंदूक अंगावर असेल आणि ऑफिसर गाडीतून उतरायला सांगत असेल किंवा कागद काढताना हात त्या बाजूला जाणार असेल, तर आधी सांगून मोकळे व्हा. त्याला ती अचानक दिसणं हे सगळ्यात वाईट. आणि विचारल्यावर खोटं तर अजिबातच नाही, काही राज्यांत तुमचं लायसन नंबर टाकल्याबरोबर त्याच्या स्क्रीनवर दिसतं, तो विचारतो तेव्हा त्याला उत्तर आधीच माहीत असू शकतं.

प्रश्न: मी उजव्या कमरेला पिस्तुलाचं होल्स्टर लावतो, पाकीट उजव्या मागच्या खिशात आणि रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स ग्लव्ह बॉक्समध्ये. पुलओव्हर झालो तर कशाला आधी हात लावू? (ह्यूस्टन)

कशालाच नाही. पण प्रश्न एकदम नेमका विचारलात, कारण खरी गडबड इथेच असते आणि ती घरातून निघतानाच झालेली असते.

एकदा गाडीत बसून बघा. सीट बेल्टचं बक्कल उजव्या कमरेला, तिथेच बोटभर अंतरावर होल्स्टर, त्याच्या मागे पाकीट. आता खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसतं? बेल्ट काढायला हात खाली गेला काय, पाकिटाकडे गेला काय नि पिस्तुलाकडे गेला काय, तिन्ही हालचाली बाहेरून सारख्याच दिसतात आणि त्याला ठरवायला अर्धा सेकंद असतो. म्हणून पाकीट डाव्या बाजूला किंवा शर्टाच्या खिशात आणा, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स एका छोट्या पाऊचमध्ये घालून सन व्हायझरला अडकवा. ग्लव्ह बॉक्समध्ये बंदूक ठेवणारे असतील त्यांनी तर कागद तिथून आजच बाहेर काढा, कागद काढायला झाकण उघडलं आणि समोर पिस्तूल, यापेक्षा वाईट ओळख दुसरी नाही.

मग दिवे दिसले की सिग्नल देऊन उजवीकडे, जमलं तर उजेडाच्या जागी थांबवा. इंजिन बंद, रात्र असेल तर आतला लाइट चालू, खिडकी पूर्ण खाली, काचा काळ्या असतील तर मागच्याही खाली. दोन्ही हात स्टिअरिंगवर वरच्या बाजूला, बोटं पसरून. बेल्ट तसाच राहू द्या. आणि ऑफिसर यायच्या आत खाली वाकून काही सरकवायचं नाही, शोधायचं नाही, बंदूक होल्स्टरमधून काढून सीटखाली किंवा कन्सोलमध्ये ठेवायची तर मुळीच नाही. पुष्कळ लोकांना वाटतं अंगावरून काढून ठेवली तर बरं दिसेल, पण मागच्या गाडीतून त्याला फक्त खांदे खाली-वर होताना दिसतात आणि तो तिथूनच सावध होऊन येतो.

आपल्या लोकांची आणखी एक सवय, तिकडे मामांनी हात केला की आपण गाडी बाजूला लावतो, उतरतो, कागद घेऊन त्यांच्याकडे चालत जातो, त्यात आपल्याला अदब वाटते. इथे तोच माणूस दार उघडून बाहेर आला की ऑफिसर ओरडायला लागतो. सांगेपर्यंत उतरू नका.

बोलायचं काय तेही आधी ठरवून ठेवा. ‘गन’ हा शब्द पहिल्या वाक्यात आणू नका, हायवेच्या आवाजात त्याला किंवा पलीकडच्या खिडकीशी उभ्या त्याच्या जोडीदाराला तेवढाच एक शब्द ऐकू जायचा. सरळ म्हणा, ‘ऑफिसर, आय हॅव अ लायसन्स टू कॅरी अँड आय अ‍ॅम कॅरीइंग राइट नाऊ. हाऊ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?’ आणि थांबा. कुठे आहे विचारलं तर तोंडाने सांगा, ‘राइट हिप’, हाताने दाखवू नका. तो कागद मागेल तेव्हा कुठे आहेत ते आधी सांगा, हो म्हणाला की एकाच हाताने सावकाश काढा, दुसरा स्टिअरिंगवरच. काही ऑफिसर ‘तू माझी काढू नको, मी तुझी काढत नाही’ म्हणून हसतात आणि तिकीट फाडून जातात, काही जण बाहेर काढून बंदूक ताब्यात घेतात. दोन्हीला तयार असा. ती द्यायची वेळ आली तर तुम्ही काढून देऊ नका, त्याला काढून घेऊ द्या. ‘काढून दे’ असंच म्हणाला तर ‘मी हात लावण्यापेक्षा तुम्हीच घ्या’ असं एकदा नम्रपणे सुचवून बघा.

बायको किंवा आईवडील बाजूला असतील तर त्यांनाही हे घरीच सांगून ठेवा. त्या वेळी आपसात मराठीत कुजबुज नको. आपण ‘अगं घाबरू नको’ एवढंच म्हणत असतो पण त्याला कळत नाही, आणि न कळणारी भाषा, त्यात बंदूक, त्यात मागे मोबाइल उचलून शूटिंग करणारा पोरगा. शूटिंग करायला हरकत नाही, पण फोन आधीपासून हातात किंवा डॅशला लावलेला असू दे, मध्येच खिशातून ओढून काढू नका.

प्रश्न: हे सगळं करूनही फिलँडो कॅस्टिलचं काय झालं ते बघितलंय. मग उपयोग काय? (मिनिअ‍ॅपोलिसजवळ राहणारे वाचक)

रागाने लिहिलंय, आणि राग रास्त आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ६ जुलै २०१६ ला सेंट पॉलजवळ फाल्कन हाइट्समध्ये कॅस्टिलला थांबवलं होतं, कारण सांगितलं ब्रेक लाइटचं. त्याच्याकडे परमिट होतं. ऑफिसरने ड्रायव्हिंग लायसन आणि इन्शुरन्स मागितलं, त्याने इन्शुरन्सचं कार्ड दिलं आणि शांतपणे सांगितलं की माझ्याकडे फायरआर्म आहे. पुढच्या काही सेकंदांत ऑफिसरने सात गोळ्या झाडल्या, मैत्रीण शेजारी, तिची चार वर्षांची मुलगी मागे. २०१७ मध्ये ज्युरीने ऑफिसरला निर्दोष सोडलं.

त्याने उद्धटपणा केला नव्हता, लपवलं नव्हतं. मिनेसोटात तर न विचारता सांगायची सक्तीही नाही. त्यामुळे ‘नियम पाळा, काही होत नाही’ असं मी क्लासमध्ये सांगत नाही, आणि तो काळा होता ही गोष्ट बाजूला ठेवून या केसबद्दल बोलताही येत नाही. आपण सावळे लोक, कुणी दाढीवाले, आपल्याकडे ऑफिसर कसा बघेल ते आपल्या हातात नाही. हातात एवढंच की मागितलेला कागद आणि बंदूक या दोन गोष्टी एकाच क्षणी यायला नकोत. कागद आधीच बाहेर असतील, हात स्टिअरिंगवर असतील, आणि बंदुकीचं सांगून झाल्यावर ‘मी हलत नाही, तुम्ही सांगा’ म्हणून आपण खरंच हललो नाही, तर त्या काही सेकंदांतला धोका कमी होतो. शून्य होत नाही. ज्यांना एवढा धोकाही नको ते रोजच्या प्रवासात बंदूक घरीच ठेवतात, तोही शहाणपणाच आहे असं मला वाटतं.

प्रश्न: माझं ग्रीन कार्ड आहे, पिस्तूल माझ्या नावावर, लायसन माझं. बायको अजून एच-४ (डिपेंडंट) व्हिसावर आहे. कन्सोलमध्ये पिस्तूल असताना ती गाडी घेऊन गेली आणि तिला थांबवलं तर ती माझं लायसन दाखवू शकते का?

नाही! आणि कृपा करून उद्यापासून पिस्तूल गाडीत सोडून जाऊ नका.

हा प्रश्न ट्रॅफिकचा नाहीच, फेडरल गुन्ह्याचा आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२, म्हणजे नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं फेडरल कायद्याने बंद आहे, थोडे अपवाद आहेत, त्यात चालू हंटिंग लायसन हा मुख्य. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) अप्रूव्ह झाला, ग्रीन कार्डच्या लाइनीत दहा वर्षं झाली, तरी व्हिसा नॉनइमिग्रंट तो नॉनइमिग्रंटच. राज्यात लायसनशिवाय बाळगायची मुभा असली तरी त्याने हे सुटत नाही. ‘बाळगणं’ म्हणजे खिशातच पाहिजे असंही नाही, माहीत आहे आणि हाताशी आहे एवढ्यावर केस उभी राहू शकते. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि इमिग्रेशनची वाट लागते ती वेगळी. तुमचं लायसन तिच्या काही कामाचं नाही, ते माणसाला असतं, गाडीला नाही. भारतातून आलेले आईबाबा तुमच्या गाडीने मंदिरात जात असतील तर त्यांनाही हेच लागू. आणि हो, शनिवारी मित्रांबरोबर रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक चालवणारे एच-१बीवाले, तुम्हीही हंटिंग लायसनचं आधी बघा.

तुम्ही स्वतः ग्रीन कार्डवर आहात हेही विसरू नका, बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर तुम्हालाही देशाबाहेर काढू शकतात. सिटिझन झालेल्या मित्राचा सल्ला तुम्हाला तसाच्या तसा लागू होत नाही.

प्रश्न: आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो, सणासुदीला न्यू जर्सीत एडिसनला जातो. पेनसिल्व्हेनियाचं लायसन जर्सीत दाखवलं तर चालतं ना?

चालत नाही. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचं लायसन मानत नाही, न्यू यॉर्क, मेरीलँड, कॅलिफोर्निया यांचंही तेच. ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्याच एका दोन मुलांच्या आईला जर्सीत लेन बदलण्यावरून थांबवलं, तिने प्रामाणिकपणे आपणहून सांगितलं की बंदूक आहे आणि हे माझं पेनसिल्व्हेनियाचं लायसन. तिथल्या तिथे अटक, आणि किमान साडेतीन वर्षं तुरुंगाची टांगती तलवार. पुष्कळ गाजावाजा झाल्यावर केस खटल्याऐवजी सुधारणा कार्यक्रमाकडे वळवली गेली आणि २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टींनी माफी दिली. प्रत्येकाच्या केसला तेवढी हेडलाइन मिळत नाही.

१९८६ च्या फेडरल कायद्यात राज्यातून नुसतं आरपार जाणाऱ्याला संरक्षण आहे, बंदूक रिकामी, ती आणि गोळ्या दोन्ही हाताशी नाहीत, ट्रंकमध्ये, नाहीतर कुलूपबंद पेटीत (ग्लव्ह बॉक्स आणि कन्सोल पेटीत धरत नाहीत), आणि जिथून निघालात नि जिथे पोचणार तिथे ती बाळगणं तुम्हाला कायदेशीर पाहिजे. एडिसनला दांडिया खेळायला जाणं यात बसत नाही. जर्सीत नेणारा पूल ओलांडायच्या आधी नाही, घरातून निघायच्या आधीच ती सेफमध्ये ठेवा.

प्रश्न: ऑफिसर म्हणाला ‘गाडीत जरा बघू का?’ तर नाही म्हणता येतं का? की लायसन असल्यामुळे हो म्हणावंच लागतं?

नाही म्हणता येतं. ‘आय डोंट कन्सेंट टू अ सर्च, बट आय वोंट रेझिस्ट.’ आवाज न चढवता, एकदाच. तरीही त्याने बघितलं तर अडवू नका, ते पुढे वकिलाचं काम. उतरायला सांगितलं तर मात्र उतरावंच लागतं, सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच तसा निकाल दिलाय आणि त्या केसमध्येही उतरल्यावर जॅकेटखाली पिस्तूलच सापडलं होतं. १९९७ पासून हे शेजारी बसलेल्यांनाही लागू आहे. तिकिटाचं काम संपल्यावर, संशयाला ठोस कारण नसताना, वास घेणारा पोलिसी कुत्रा येईपर्यंत वगैरे, थांबवून ठेवता येत नाही, हा २०१५ चा निकाल. ‘अ‍ॅम आय फ्री टू गो?’ विचारायला लाजू नका.

बंदूक घेतली असेल तर जाताना परत देतात, बहुतेक वेळा रिकामी करून, मॅगझिन वेगळं, एखादा ऑफिसर ट्रंकमध्ये ठेवतो आणि ‘मी गेल्यावर घे’ म्हणतो. तो असेपर्यंत मॅगझिन लावायचं नाही, गोळ्या मोजायच्या नाहीत, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून होल्स्टरमध्ये घालायची घाईही नको. दिली तशी ट्रंकमध्ये राहू द्या आणि निघा. तिकीट चुकीचं वाटत असेल तर त्यावर कोर्टाची तारीख छापलेली असते.