सिम्पोझियममध्ये पितात काय?

प्रश्न असा आला आहे : 'आमचे अभ्यासमंडळ अन्नाच्या इतिहासावर दोन दिवसांचा कार्यक्रम करत आहे. पहिल्या दिवशी अभ्यासकांचे निबंध, दुसरा दिवस सर्वांना खुला. त्यात व्याख्याने आणि चाखणे दोन्ही. पत्रिकेवर "खाद्य संस्कृती सिम्पोझियम" छापायचे घाटते आहे. सिम्पोझियमला परिसंवाद म्हणावे की चर्चासत्र? आणि खाद्यसंस्कृती जोडून लिहायचे की तोडून?'

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी, कारण ते एका ओळीत संपते. जोडून. शब्द तिथेच संपला तर 'ती' दीर्घ, पुढे समास वाढवलात तर ऱ्हस्व : खाद्यसंस्कृती, पण खाद्यसंस्कृतिकोश.

अर्थाकडेही जरा बघा, कारण 'खाद्यसंस्कृतीचा आस्वाद घ्या' हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. काय खायचे, कोणाबरोबर, कशाच्या आधी, कशाच्या नंतर आणि काय अजिबात खायचे नाही, हे ठरवणारी रीत म्हणजे खाद्यसंस्कृती. ती बशीत वाढता येत नाही. बशीत असतो तो पदार्थ. तसेच ते 'बौद्धिक मेजवानी'. फारसीत मेजबान म्हणजे यजमान, त्यामुळे मेजवानी म्हणजे मुळात यजमानपण. ती द्यायची असते. 'श्रोत्यांनी मेजवानी लुटली' असे छापून आले की यजमानाच्या घरी दरोडा पडल्यासारखे वाटते.

आता पहिला प्रश्न. रूढ वाटणी सगळ्यांना ठाऊक आहे : सेमिनार म्हणजे चर्चासत्र, सिम्पोझियम म्हणजे परिसंवाद, वर्कशॉप म्हणजे कार्यशाळा. परिसंवाद छापा, कोणी हरकत घेणार नाही. सेमिनारचे मूळ लॅटिन, अर्थ रोपवाटिका. तेही गोड आहे, पण तिथे थांबत नाही, कारण तुम्ही विचारलेला शब्द त्याहून कितीतरी रसाळ आहे.

सिम्पोझियम हा मूळचा ग्रीक 'सिम्पोसिओन'. सिन् म्हणजे सह, पोसिस म्हणजे पिणे. थोडक्यात, सहपान. आधी जेवण उरकायचे, मेजे उचलली जायची, हात धुतले जायचे, देवांच्या नावाने थोडी मदिरा सांडायची आणि मग पुरुषमंडळी बाजांवर आडवी होऊन प्यायला लागायची. मदिरा पाणी घालूनच प्यायची, आणि पाणी किती घालायचे हे पाहुण्यांतून निवडलेला अध्यक्ष ठरवायचा. अध्यक्षाला काहीतरी काम होते, हे लक्षात घ्या. आजचा अध्यक्ष घड्याळ बघतो.

मग पिण्याच्या बैठकीचा व्याख्यानांशी संबंध कुठून आला? बराचसा प्लेटोमुळे. त्याच्या 'सिम्पोसिओन' या संवादातली बैठक इसवी सनपूर्व 416 मधली, अगाथॉन या नाटककाराच्या घरची. आदल्या रात्रीची सगळ्यांना अजून उतरलेली नाही, म्हणून ठरते की आज कोणी कोणाला आग्रह करायचा नाही. बासरीवालीला रजा मिळते आणि प्रत्येकाने प्रेमदेवतेवर एकेक भाषण करायचे ठरते. विनोदी नाटककार अरिस्तोफानेसची पाळी येते तेव्हा त्याला उचकी लागलेली असते. शेजारचा वैद्य त्याला श्वास रोखायला, नाहीतर गुळण्या करायला, नाहीतर शिंक काढायला सांगतो आणि तोवर स्वतः बोलून घेतो. एक विषय, पाळीपाळीने भाषणे, एखादा वक्ता ऐनवेळी गळाठलेला : आजचा परिसंवाद तिथेच तयार झाला. फक्त मधले पेय गेले.

आता हे ऐका. रुद्रपठणात म्हणतात त्या यजुर्वेदातल्या चमकाच्या चौथ्या अनुवाकात (म्हणजे विभागात) तूप आणि मध मागून झाल्यावर ऋषी काय मागतो? 'सग्धिश्च मे सपीतिश्च मे'. मला सहभोजन मिळो, मला सहपान मिळो. घरात रुद्र होत असेल तर हे शब्द आपल्या कानांवरून शेकडो वेळा गेलेले असतात, आणि आपण त्यांना 'च मे, च मे'च्या लयीत विरघळू देतो. सपीति! पा धातूपासून पीति, म्हणजे पिणे. ग्रीक 'पोसिस' याच घराण्यातला. म्हणजे सिम्पोसिओन आणि सपीति यांचा उत्तरार्ध सख्ख्या भावंडांचा आणि अर्थ तर तंतोतंत एक.

इथे सगळे काही संस्कृतातून निघाले म्हणणारी मंडळी लगेच पुढे सरसावतात : 'बघा, सिम् म्हणजे आपला सम्!' नाही. ग्रीकात शब्दाच्या आरंभीच्या आणि पुढे स्वर असलेल्या जुन्या 'स'चा 'ह' होतो. आपले सप्त त्यांचे हेप्ता, आपले सम त्यांचे होमोस. सम् तिकडे गेला असता तर त्याचा हकार झाला असता. सिन् वेगळा. अर्धा शब्द भावंड आहे, यातच खूप आनंद आहे. उरलेला अर्धा ओढून आणायची काय गरज?

पण तुमचा विषय अन्न, तेव्हा तुमच्या कामाचा शब्द सपीती नाही, त्याची जोडीदारीण : सग्धी. स अधिक घस् अधिक ति. घस् म्हणजे खाणे. मधला अकार गळाला, स् गळाला, घ्-मधला हकार पुढच्या त-वर जाऊन बसला (लभ् आणि त मिळून लब्ध होते, तसेच). पाणिनीय परंपरा म्हणते की मूळ धातू अद्, वेदात त्याच्या जागी पुष्कळदा घस् येतो. काशिकेने (पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका) हे सांगणाऱ्या सूत्राखाली उदाहरण दिले आहे तेही 'सग्धिश्च मे' हेच. मोठ्या माणसांशी भांडू नये, पण ही व्याकरणाची सोय आहे, व्युत्पत्ती नव्हे. मराठीत 'जातो' आणि 'गेला' एकाच क्रियापदाची रूपे म्हणून शिकवतात. म्हणून संस्कृतातल्या 'या' (म्हणजे जाणे) ह्या धातूच्या जागी गम् 'येतो' असे कोणी म्हणेल का? दोन वेगळे धातू एका संसारात नांदताहेत, इतकेच.

आणि या घस्-चा खरा वारसदार आपल्या तोंडात आहे : घास. बहुतेक जण त्याचे मूळ 'ग्रास' सांगतात. मला ते कधीच पटलेले नाही. ग्राम-चा गाव झाला, घाव नाही. ग्रंथीची गाठ झाली, घाठ नाही. मग ग्रास-चा गास व्हायला हवा होता. हा घ-मधला हकार कोणी आणून दिला? संस्कृतात घस्-पासून 'घास' हा शब्द तयारच आहे, अर्थ खाद्य, चारा. हिंदीने त्यातला चारा घेतला, म्हणून त्यांचे घास म्हणजे गवत. आपण माणसाच्या तोंडचा घास घेतला, पण जनावराचाही पुरता सोडला नाही : लसूणघास पेरतात तो कोणाच्या पानात वाढायला? गोठ्यातला घास आणि ताटातला घास एकच शब्द आहे, असे माझे ठाम मत आहे. ग्रास-वाल्यांनी आधी त्या हकाराचा हिशेब द्यावा, मग बोलावे.

सग्धी हा काही वेदातच गाडलेला शब्द नाही. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या पर्यायकोशात, तो सपीतीच्या शेजारी आहे : 'सपीतिः स्त्री तुल्यपानं सग्धिः स्त्री सहभोजनम्'. तिथेच जवळ भोजनाच्या पर्यायांत 'जेमनं' बसले आहे, आपल्या जेवणाचा मूळपुरुष.

जेवणावरून आठवले. मध्यंतरी अशाच एका 'परिसंवादा'ला गेलो होतो. मंचावर चार वक्ते, प्रत्येकी वीस मिनिटे, पडद्यावर चित्रे, प्रश्नांना वेळ नाही. संवाद कोणाचा कोणाशी झाला नाही, परि तर दूरच. मग सूत्रसंचालकांनी ते आस्वादाचे वाक्य उच्चारले आणि सगळे उठले. रांगेत माझ्यापुढे एक तरुण संशोधक एका आजींना म्हणाला, 'तुम्ही जेवण खाल्लं का?' आजींनी ताटली खाली ठेवली. 'जेवण खात नाहीत रे बाळा, जेवतात. मी जेवले, तू जेवलास. खाणं वेगळं.' त्याने विचारले, का वेगळे? आजी म्हणाल्या, 'खाणं कुठंही होतं, जेवायला बसावं लागतं.' त्याने तिथल्या तिथे वही काढली. दिवसभरातला एकमेव परिसंवाद तो, आणि तो सग्धीत झाला. (आजींच्या बाजूने व्याकरणही आहे : 'मी खाल्ले' कर्माप्रमाणे चालते, 'मी जेवलो' कर्त्याप्रमाणे. 'जेवण खाल्लं' हे हिंदीच्या 'खाना खाया'वरून उतरलेले कलम आहे, ते उपटून टाका.)

ज्यांनी अन्नावरच्या परिसंवादांना प्रतिष्ठा दिली, त्यांना हे ठाऊक होते. ऑक्सफर्डच्या सेंट अँटनीज कॉलेजात 1979 साली अ‍ॅलन डेव्हिडसन आणि इतिहासकार थिओडोर झेल्डिन यांनी अन्नावरच्या बैठका सुरू केल्या. डेव्हिडसन मुत्सद्दी, लाओसमध्ये ब्रिटनचे राजदूत राहिलेले. त्या बैठकांतूनच ऑक्सफर्डचे वार्षिक सिम्पोझियम उभे राहिले. प्राध्यापक, आचारी आणि नुसते हौशी एकत्र बसतात आणि दर वर्षी एकच विषय घेतात : 1999 मध्ये दूध, 2006 मध्ये अंडी, 2009 मध्ये तर अन्न आणि भाषा. तिथले जेवण हा कार्यक्रमाचाच भाग असतो, मध्यंतर नव्हे. डेव्हिडसन यांच्या 1999 च्या जाडजूड अन्नकोशाच्या नावात 'कम्पॅनियन' आहे, आणि त्या शब्दाचे लॅटिन मूळ म्हणजे ज्याच्याबरोबर भाकर मोडायची तो. पुन्हा सग्धीच!

तेव्हा माझे म्हणणे : दुसऱ्या दिवसाला बेधडक 'सग्धी' नाव द्या. 'कोणाला कळणार?' असे समितीत कोणीतरी म्हणेलच. सिम्पोझियम तरी कोणाला कळले होते? पहिल्या दिवसाला परिसंवाद म्हणा, पण मग प्रश्नांना वेळ ठेवा.

निबंधांत एक अथेनायसवर ठेवता आला तर बघा. इजिप्तमधल्या नौक्रातिसचा हा ग्रीक, काळ इसवी सन 200 च्या आसपास. त्याच्या पंधरा भागांच्या ग्रंथात विद्वान पंगतीला बसून पानातल्या जिनसांवर बोलत राहतात; प्राचीन ग्रीक खाण्यापिण्याची कितीतरी माहिती त्यातूनच हाती आली आहे. त्यात उल्पियन नावाचे एक पात्र आहे. समोर आलेल्या पदार्थाचे नाव जुन्या ग्रंथांत सापडते की नाही, हे विचारल्याशिवाय तो तोंडात काही घालत नाही. लोकांनी त्याचे नावच 'आहे-की-नाही' असे पाडले आहे. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. निबंध वाचायला कोणी मिळाले नाही तर मी येईन. मात्र ग्रीकांचा क्रम पाळा, मला जेवणानंतरची वेळ द्या.