थाई हॉटेलात जाताय? तुमचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात थाई जेवणावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता ढीग पडला. बहुतेकांचं म्हणणं एकच, मोठ्या शहरात थाई हॉटेलं आता पावलोपावली आहेत पण आत जाऊन मेनू उघडला की काही सुधरत नाही. त्यातले हे काही प्रश्न.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं पूर्ण शाकाहारी. मेनूवर ‘व्हेज ग्रीन करी’ बघून मागवली, अर्धी खाऊन झाल्यावर मैत्रीण म्हणाली यात मासे असतात. खरंच असतात का?

असू शकतात, आणि बऱ्याच ठिकाणी असतातच. थाई स्वयंपाकात मिठाचं काम करतो फिश सॉस. अँकोव्हीसारखे छोटे मासे आणि मीठ एकत्र करून महिनोन्‌महिने, कधी वर्षभरसुद्धा मुरवत ठेवतात आणि त्याचं जे पाणी सुटतं तो हा सॉस, थायलंडमध्ये त्याला नाम प्ला म्हणतात. दुसरी गोष्ट कपी, म्हणजे कोळंबीच्याच जातीतले बारीक जीव मीठ घालून आंबवून केलेली पेस्ट, ती करीच्या वाटणातच जाते. आता हे वाटण काही तुमच्या ऑर्डरनंतर वाटायला घेत नाहीत, ते आधीच करून ठेवलेलं असतं नाहीतर डब्यातलं असतं, त्यामुळे ‘व्हेज’ म्हणजे पुष्कळदा एवढंच की चिकनच्या जागी टोफू टाकला. स्टर फ्रायमध्ये ऑयस्टर सॉस (कालवांचा), कच्च्या पपईच्या सोम तममध्ये सुकी कोळंबी आणि परत फिश सॉस, असं सगळीकडे लपलेलं असतं.

म्हणून ‘हे व्हेज आहे का’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ हे एकच उत्तर मिळतं. नेमकं विचारा: वाटणात श्रिंप पेस्ट आहे का, फिश सॉसऐवजी सोया सॉस घालाल का, सूपचं पाणी कशाचं आहे. वेटर गोंधळला तर आत जाऊन विचारून या म्हणा, त्यात लाजायचं काय! स्टाफ थाई असेल तर ‘जे’ म्हणून बघा. तिकडे चिनी वंशाच्या लोकांचा नऊ दिवसांचा जे उत्सव असतो, दुकानांवर पिवळे झेंडे लागतात आणि त्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध यातलं काहीच चालत नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची आयतीच सोय झाली म्हणायची. एक नक्की लक्षात ठेवा, तव्यावर ताजं परतून देतात त्यात बदल करता येतो, करीच्या वाटणातून कोळंबी बाहेर काढता येत नाही.

प्रश्न : आम्ही सहा जण गेलो, प्रत्येकाने आपापली डिश मागवली, पाच जणांच्या पुढ्यात नारळाच्या दुधातली करी आली आणि सगळं गोड गोड लागलं. लोकांना यात एवढं काय आवडतं?

तुमचं जेवण ऑर्डर देतानाच फसलं. थाई जेवण ‘माझी डिश, तुझी डिश’ असं नसतंच मुळी. मध्ये भात आणि त्याच्याभोवती सगळ्यांनी मिळून खायच्या चार-पाच गोष्टी. एक आंबट, एक तिखट, एक नारळाच्या दुधातली, एक साधी परतलेली भाजी. सूपही स्टार्टर म्हणून आधी संपवायचं नसतं, ते भाताबरोबरच येतं. आणि ताटात सगळं एकदम वाढून घेऊ नका, एका वेळी एकाच डिशचे एक-दोन चमचे भातावर घ्यायचे, ते खायचं, मग दुसरीकडे वळायचं. तसं खाल्लं की तीच करी जड वाटत नाही, कारण मधेच लिंबाचा आंबटपणा येऊन तोंड स्वच्छ करून जातो.

सहा जणांसाठी मी काय मागवीन? तोम यम सूप, सोम तम किंवा लाब (ही खिम्याची आंबट-तिखट कोशिंबीर, वर भाजून कुटलेल्या तांदळाची भरड असते, तिचा खमंग वास आला की भूक दुप्पट), एकच करी, एक परतलेली हिरवी भाजी, एक पॅड क्रपाव (तुळशीच्या जातीच्या पानांबरोबर परतलेला खिमा किंवा चिकन). आणि भात भरपूर. करी एकच, हे मी हट्टानं सांगते. ग्रीन हवी की रेड यावर भांडत बसू नका, ग्रीनमध्ये ओल्या हिरव्या मिरच्या, रेडमध्ये सुक्या लाल, बाकीचं बरंचसं सारखं. तिखट न खाणारे असतील तर मसमन, त्यात दालचिनी, वेलची, जिरं असे सुके मसाले, बटाटा आणि शेंगदाणे.

गोडाबद्दल तुमची तक्रार मात्र रास्त आहे. पाम शुगर थाई जेवणात असतेच, पण गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून बरीच हॉटेलं मिरची कमी करतात आणि साखरेला हात सैल सोडतात. ‘साखर कमी’ हे ऑर्डर देतानाच सांगा.

आणि पॅड थाई, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्स, या टेबलात का नाही? कारण ती एकट्याने खायची प्लेट आहे, दुपारी एकटे असाल तेव्हा मागवा. तिची गंमत अशी की ती काही फार पुरातन वगैरे नाही. 1939 मध्ये सयामचं नाव थायलंड झालं, त्या काळात पंतप्रधान फिबुनसोंगक्राम यांच्या सरकारनं राष्ट्राभिमानाच्या मोहिमेत तांदळाच्या नूडल्सचा जोरदार प्रचार केला आणि ही डिश घराघरात गेली. चिंचेचा आंबटपणा लागला नाही आणि नुसती केचपसारखी लाल दिसली तर समजा काम उरकलंय.

प्रश्न : ‘मीडियम स्पायसी’ मागवलं तरी डोळ्यातून पाणी! पाणी पिऊनही उपयोग नाही.

पाण्यानं होणारही नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, नुसतं तोंडभर पसरतं. दूध घ्या, किंवा दूध घातलेला थाई आइस्ड टी, नाहीतर सरळ दोन घास कोरडा भात. ‘मीडियम’ला काही अर्थ नसतो, प्रत्येक स्वयंपाकी आपल्या जिभेनं ठरवतो. आधी कमी तिखट मागवा आणि टेबलावर बघा, चांगल्या ठिकाणी चार वाट्यांचा छोटा ट्रे असतो: साखर, मिरची पूड, मिरचीचं व्हिनेगर, मिरची घातलेला फिश सॉस. आपलं आपण वाढवा. (आणि हो, ही मिरची मूळची तिकडची नाहीच, अमेरिका खंडातली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आशियात आली.)

प्रश्न : चॉपस्टिक्स मागितल्या तर वेटर हसला. का?

कारण थाई लोक भात चमच्यानं खातात. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात फोर्क, फोर्क फक्त ढकलायला, तोंडात चमचाच जातो. चॉपस्टिक्स नूडल्सच्या सूपला. स्टिकी राइस मात्र सरळ हातानं, छोटा गोळा करून.

प्रश्न : मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. थाई हॉटेलात न्यावं की नाही?

यात मी गंमत करणार नाही. साते सॉस, मसमन, पॅड थाई, सोम तम, सगळीकडे शेंगदाणे, आणि ‘वरून घालू नका’ म्हणून भागत नाही, कारण तीच कढई, तोच डाव. ॲलर्जी तीव्र असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. सौम्य असेल तर गर्दी नसलेल्या वेळी जा, ऑर्डरच्या आधी सांगा, उत्तर देताना कोणी अडखळलं तर उठून या. औषध खिशात हवंच. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनीही हेच धरून चालावं, वर कपीबद्दल लिहिलंय ते परत वाचा.

प्रश्न : हॉटेल चांगलं आहे हे आत जाण्याआधी कसं ओळखायचं?

थाई सरकारच्या व्यापार मंत्रालयाचं ‘थाई सिलेक्ट’ नावाचं प्रमाणपत्र आहे, दाराजवळ ते दिसलं तर बरं लक्षण, नसलं म्हणून वाईट असं नाही. मी मेनू बघते. थाईबरोबर सुशी, मोमो, पास्ता सगळंच असेल तर पुढे चला. खाओ सोई ही उत्तरेकडची करी नूडल्स किंवा लाब अशी प्रांतांच्या खास डिशची नावं दिसली तर बसा. मग विचारा की पॅड क्रपावमध्ये कुठली पानं घालता. त्यात तुळशीच्या जातीचीच पानं हवीत, उग्र वासाची. ‘मिळत नाहीत म्हणून दुसरी घालतो’ असं जो सरळ सांगतो त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

प्रश्न : तोम यममधल्या काड्या आणि लाकडासारखे तुकडे खायचे असतात का?

नाही हो! त्या काड्या गवती चहाच्या, तुकडे आल्याच्या जातीच्या गलांगलचे, आणि जाड पानं मकरूट लिंबाची. वास उतरला की त्यांचं काम झालं. वाटीच्या कडेला काढून ठेवा, सगळे तेच करतात.